प्लेट-रॉडची जखम पाझरतेय? पहिल्या गोळीच्या आधी काय करायचं

पायात रॉड टाकून, मनगटाला प्लेट लावून किंवा गुडघा बदलून पेशंट घरी आलेला असतो. टाकेही निघालेले असतात. मग एक दिवस टाक्यांच्या रेषेवर मोहरीएवढी पुटकुळी दिसते, पट्टीवर पिवळसर डाग पडतो आणि घरात चर्चा सुरू होते. टाक्याचा धागा आत राहिला असेल. भात खाल्ला म्हणून पू झाला. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणू, बघू. या बघू-बघूत महिना जातो, आणि जे काम ऑपरेशनमधल्या एका धुलाईत भागलं असतं त्याला दोन-तीन ऑपरेशनं लागतात.

कोल्हापूर शहरातले लोक आणि दवाखान्यासाठी आजरा, चंदगड, गगनबावड्याहून शहरात येणारे, दोघांनाही उपयोगी पडेल अशा क्रमाने पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत. निर्णय सर्जनचाच, पण त्याच्यासमोर बसताना काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि तोवर काय करायचं नाही, हे घरच्यांच्या हातात असतं.

१. आधी जंतू धातूवर कसा बसतो ते समजून घ्या

पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात बुळबुळीत थर धरतो. वरून कितीही पाणी ओता, तो हलत नाही. खराट्यानं घासावा लागतो. प्लेटवर, स्क्रूच्या आट्यांत, सांध्याच्या कृत्रिम वाटीवर जंतू असाच थर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. थरातले जंतू जवळजवळ झोपल्यासारखे असतात, आणि अँटिबायोटिक मुख्यतः वाढणाऱ्या जंतूला मारतं. त्यामुळे मोकळ्या जंतूला पुरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट औषधही थरातल्या जंतूला पुरत नाही.

दुसरी अडचण रक्ताची. हाडाला रक्तपुरवठा असतो, धातूला नसतो. इंग्लंडमध्ये १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत जंतू टोचून पाहिले. पू व्हायला एरवी दहा लाखांहून जास्त जंतू लागत होते; तिथेच रेशमी टाका घातला की काही शेकडे पुरले. एका टाक्यानं एवढा फरक पडतो, मग मांडीतला पूर्ण लांबीचा रॉड काय करेल ते बघा.

याचा घरच्यांसाठी अर्थ असा: गोळ्या सुरू केल्या की सूज उतरते, पाझर थांबतो, गोळ्या संपल्या की आठ-दहा दिवसांत तेच भोक पुन्हा उघडतं. ‘त्या गोळीनं फरक पडला होता’ म्हणून पुन्हा तीच गोळी आणली जाते. फरक पडतो तो थराबाहेरच्या मोकळ्या जंतूंवर. थर जागेवर असतो आणि दर फेरीला जंतू त्या औषधाला थोडा अधिक सरावतो.

२. जखम रोज बघा आणि वहीत लिहा

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस रक्ताळ पाणी येणं नेहमीचं. ते रोज कमी व्हायला हवं. पाच ते सात दिवसांनंतरही पट्टी ओली होत असेल, किंवा कोरडी झालेली जखम पुन्हा ओली झाली, तर दुसऱ्या दिवशीच सर्जनला दाखवायचं. सोमवारची ओपीडी आहे म्हणून थांबायचं नाही.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही. हाताची पालथी बाजू आधी चांगल्या पायाला लावा, मग ऑपरेशनच्या पायाला. एक बाजू स्पष्ट गरम लागते का, कातडी ताणून चमकते का, हे बघा. चालल्यावर दुखणं वेगळं. रात्री पडल्या-पडल्या ठणकणं वेगळं. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं ही महत्त्वाची खूण आहे, ताप नसला तरीही. प्लेटच्या जंतुसंसर्गात कित्येकांना ताप येतच नाही.

नासूर ओळखायला शिका. टाक्याच्या रेषेवर गुलाबी, फुगीर मांसाचा ठिपका असतो, डाळिंबाच्या दाण्याएवढा. मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक. कडेनं दाबलं की पाण्यासारखा किंवा दह्याच्या निवळीसारखा एक थेंब वर येतो. आजूबाजूला वाळलेल्या लसेची पिवळी कड. दोन आठवडे खपली धरून सुकतो, घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात, मग पुन्हा फुटतो. हे भोक खाली धातूपर्यंत किंवा हाडापर्यंत पोचलेलं असेल तर जंतुसंसर्ग सिद्ध झाला. फ्रॅक्चरच्या संसर्गाची जी व्याख्या २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवली, तिच्यात ही खूण एकटीच पुरेशी धरली आहे. ‘टाक्याची गाठ आहे’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे विचारा: भोक किती खोल जातंय ते तपासलं का?

वहीत रोज चार गोष्टी: तारीख, संध्याकाळचा ताप, पट्टी किती वेळा बदलली, डागाचा आकार आणि रंग. आकार नाण्याच्या मापानं लिहा, ‘दहाच्या नाण्याएवढा, पिवळा’. फोटो रोज एकाच जागी, खिडकीच्या उजेडात. दहा दिवसांची अशी वही अर्ध्या तासाच्या सांगण्यापेक्षा डॉक्टरला जास्त सांगते.

हुडहुडी भरून ताप, बरळणं, धाप, लघवी कमी होणं, अंग गार पडणं यांतलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. रक्तात जंतू पसरल्याची ही लक्षणं असू शकतात. अशा वेळी रक्ताचं कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) घेऊन तासाभरात इंजेक्शन सुरू व्हावं लागतं. पुढे ‘औषध थांबवा’ असं जे लिहिलं आहे, ते या पेशंटला लागू नाही.

३. ज्यानं ऑपरेशन केलं त्याच्याकडेच आधी जा

राग आलेला असतो, दुसऱ्या दवाखान्यात जावंसं वाटतं. दुसरं मत जरूर घ्या, पण पहिली फेरी मूळ सर्जनकडे. आत कोणती प्लेट आहे, हाड किती तुकड्यांत होतं, कातडीची अवस्था काय होती, हे त्याला ठाऊक असतं. जंतुसंसर्ग चांगल्या हातांतही होतो: बंद फ्रॅक्चरमध्ये शंभरात एक-दोघांना, आणि हाड बाहेर येऊन मातीत माखलेल्या फ्रॅक्चरमध्ये त्याच्या कित्येक पट. उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला, हायवेवर दुचाकी घसरली, अशा जखमेत शेतातली माती आणि शेण जातं, आणि त्यातले जंतू कातडीवरच्या जंतूंपेक्षा चिवट असतात.

तोवर हे करू नका:

- मेडिकलमधून अँटिबायोटिक. कारण सहाव्या पायरीत आहे, आणि या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं ते आहे.
- गल्लीतल्या कंपाउंडरकडून महिनोन्महिने रोजचं ड्रेसिंग. भोकात वात सारून ठेवल्यानं पू बाहेर येतो, पण आतला धातू स्वच्छ होत नाही.
- हळद, कॉफी, राख, टूथपेस्ट, झाडपाल्याचा लेप. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही जखमेत ओतू नका. नव्या भरणाऱ्या पेशी त्यानं जळतात.
- हाडवैद्याकडून चोळणं. आत प्लेट असलेला पाय चोळून घेणं कधीच नको, पू असताना तर मुळीच नको.

४. कागदांची पिशवी

एक प्लास्टिकची झिप पिशवी घ्या. पावसात कागद भिजले तर दुसरी प्रत मिळवायला हेलपाटे पडतात. पिशवीत असावं:

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट. दोन्ही वेगळी असतात. ऑपरेशन नोट आपणहून क्वचितच देतात, मागून घ्या.
- इम्प्लांटचा स्टिकर: कंपनी, माप, बॅच नंबर. प्लेट काढायची वेळ आली तर त्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. तो नसला की स्क्रूचं डोकं झिजतं आणि तासाचं ऑपरेशन तीन तासांवर जातं.
- पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे, तारखेनं लावलेले. सीडी असेल तर फिल्मही.
- आतापर्यंतची सगळी अँटिबायोटिक्स: नाव, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी बंद. रिकाम्या स्ट्रिप जपून ठेवा. ‘पांढरी लांबट गोळी’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.
- जुने कल्चर रिपोर्ट, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी).
- रेशन कार्ड, आधार कार्ड.
- रोजच्या इतर गोळ्यांची यादी: बीपी, साखर, रक्त पातळ करणारी, मनाच्या आजारावरची, गर्भनिरोधक. पुढे यांचा संबंध येतो.

५. रक्त आणि एक्स-रे

सीआरपी ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांचंच वाढतं आणि साधारण तीन आठवड्यांत खाली येतं. सांधा बदलल्यावर कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून एकटा आकडा बघू नका, उतार-चढ बघा. ६० वरून १८ वर येऊन पुन्हा ४५ झाला, तर तो चढ बोलका आहे. ईएसआर ही दाहाचीच दुसरी रक्ततपासणी; तो कित्येक महिने वाढलेलाच राहतो, त्याला एवढं घाबरू नका.

एक फसगत नेहमीची: एक लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये. ४.८ आणि ४८ हे एकच असू शकतं. आकड्याशेजारचं एकक वाचा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. आणि सीआरपी नॉर्मल आला म्हणजे संसर्ग नाही, असंही नाही. नासूर मोकळा वाहत असेल तर दाब साठत नाही आणि आकडा शांत राहतो.

एक्स-रेमध्ये बदल उशिरा दिसतात: स्क्रूभोवती काळी कड, सैल झालेला स्क्रू, न जुळलेलं हाड. हाड जुळलंय का हे ठरवायला कधी सीटी स्कॅन लागतो. बदललेला गुडघा किंवा खुबा असेल तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासतात. जुनाट दुखण्यात त्या पाण्यात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ३,००० च्या वर असतील तर संशय बळावतो. ही सुई ऑपरेशन थिएटरच्या स्वच्छतेत मारायची असते. ओपीडीच्या बाकावर बसवून कुणी मारत असेल तर ‘थिएटरमध्ये घ्याल का?’ असं विचारायला संकोचू नका.

६. नमुना: इथे घाई नको, इथेच कसर नको

जखमेच्या तोंडावर कापसाची काडी फिरवून जे कल्चर होतं, त्यात कातडीवरचे जंतू येतात. हाडाशी कोण बसलाय हे त्यातून कळत नाही. त्या काडीच्या रिपोर्टवर सहा आठवड्यांचं औषध ठरवणं म्हणजे गर्दीतला पहिला दिसला त्याला चोर ठरवणं.

योग्य नमुना ऑपरेशनमध्ये घेतात. हाडाजवळचे, धातूलगतचे तुकडे, वेगवेगळ्या जागांवरून, साधारण पाच. प्रत्येक तुकड्याला वेगळा चिमटा, वेगळी ब्लेड, वेगळी बाटली. पाच का? एकाच बाटलीत स्टॅफ एपिडर्मिडिस उगवला तर तो कातडीवरून पडलेला पाहुणा असू शकतो. दोन किंवा जास्त बाटल्यांत तोच जंतू आला की तो खरा मानतात.

नमुन्याच्या आधी, पेशंट स्थिर असेल तर, अँटिबायोटिक निदान दोन आठवडे बंद असावं. औषधाच्या सावलीत जंतू कल्चरमध्ये उगवत नाही, पण प्लेटवर जिवंत राहतो. मग ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट येतो, सगळे खूश होतात आणि पुढचं औषध अंदाजानं द्यावं लागतं. मेडिकलमधल्या पाच दिवसांच्या गोळ्यांची खरी किंमत ती. औषध बंद करायचं ते डॉक्टरला सांगून. मधल्या काळात ताप आला तर लगेच कळवायचं.

आपल्याकडे बाटल्या लॅबपर्यंत नेण्याचं काम बऱ्याचदा नातेवाइकाकडे येतं. शाहूपुरीतून राजारामपुरीत स्कूटरवरून बाटली नेणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं:

- कल्चरची बाटली निर्जंतुक आणि कोरडी, किंवा थोडं निर्जंतुक सलाईन घातलेली. तिच्यात फॉर्मेलिन असेल तर जंतू मरतात. फॉर्मेलिन फक्त बायोप्सीच्या बाटलीत. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. थिएटरच्या दारातच विचारून घ्या की कुठली कशाची.
- प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली हवी: ‘प्लेटखाली’, ‘हाडाच्या पोकळीतून’.
- तास-दोन तासांत पोचवा. वाटेत जेवायला थांबू नका, घरच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवू नका.
- अर्जावर ‘हाड, इम्प्लांट’ असं ठळक लिहून घ्या आणि कल्चर लांबवायला सांगा. साधं कल्चर दोन-तीन दिवसांत बंद करतात. हळू वाढणाऱ्या जंतूंना चौदा दिवसांपर्यंत वेळ लागतो.
- टीबीची तपासणी वेगळी सांगावी लागते, ती आपोआप होत नाही. आपल्या देशात हाडाचा टीबी दुर्मीळ नाही, म्हणून एक तुकडा त्यासाठी आणि एक बायोप्सीसाठी जावा.

गोठ्यात काम करणाऱ्यानं किंवा कच्चं दूध पिणाऱ्यानं ते आवर्जून सांगावं. गंगावेशच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ही कोल्हापूरची शान खरी, पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला हा जनावरांचा जंतू येऊ शकतो, तो हाडा-सांध्यात बसतो, कल्चरमध्ये हळू उगवतो आणि आधी कल्पना नसेल तर लॅबमधल्या माणसालाही लागू शकतो.

७. रिपोर्ट वाचताना

रिपोर्टवर जंतूचं नाव आणि खाली औषधांची यादी असते. प्रत्येक औषधापुढे एस म्हणजे लागू, आर म्हणजे लागू नाही, आय म्हणजे मधला. सगळ्यात जास्त भेटतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याला सेफॉक्सिटिन आर असेल तर तो एमआरएसए, आणि नेहमीची सेफ्युरोक्झिम-सेफिक्झिम कुळातली औषधं त्याच्यावर वाया. क्लेबसिएला, स्यूडोमोनास, ई. कोलाय असतील तर औषधांची निवड पूर्ण बदलते.

काही रिपोर्टमध्ये शेजारी एमआयसीचे आकडे असतात, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला त्या औषधाचं किमान किती प्रमाण लागतं ते. सगळ्यात लहान आकड्याचं औषध सगळ्यात चांगलं, असा हिशोब घरी मांडला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. शिवाय हाडात किती उतरतं, पोटातून किती शोषलं जातं, मूत्रपिंडाला सोसतं का, हे त्या आकड्यात नसतं.

८. ऑपरेशन कुठलं होईल

नुसत्या औषधानं धातूवरचा थर जात नाही, त्यामुळे बहुतेकांना ऑपरेशन लागतंच. प्रश्न असतो तो धातू ठेवायचा की काढायचा.

संसर्ग ताजा आहे, म्हणजे लक्षणं सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या आत, प्लेट घट्ट आहे, कातडी बऱ्या अवस्थेत आहे: तर जखम उघडून मेलेलं मांस आणि हाड काढतात, भरपूर सलाईननं धुतात आणि धातू ठेवतात. हाड जुळेपर्यंत प्लेट धरून ठेवणं फायद्याचं असतं, कारण हलणाऱ्या हाडात संसर्ग आवरत नाही. कृत्रिम सांध्यात याच वेळी प्लास्टिकचा सुटा भाग बदलतात. ‘लगेच दाखवा’ हा आग्रह एवढ्यासाठीच, की ही सोपी वाट उशिरानं बंद होते.

हाड जुळलेलं असेल तर प्लेट-रॉड काढून टाकणं सगळ्यात सरळ. हाड जुळलं नाही आणि स्क्रू सैल असतील तर सगळं काढून बाहेरून फिक्सेटर किंवा रिंग (हाडाला कातडीबाहेरून धरून ठेवणारी धातूची चौकट) लावतात. इलिझारोव्हच्या रिंगवर हाड वाढवायचं असेल तर रोज एक मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. नट फिरवण्याचं हे काम घरी करायचं असतं. कोण करणार ते डिस्चार्जच्या आधी ठरवा आणि नर्ससमोर त्या व्यक्तीकडून एकदा करून घ्या.

सांधा बदललेला असेल आणि संसर्ग जुना असेल तर बऱ्याचदा दोन टप्पे: आधी सांधा काढून औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, काही आठवड्यांनी नवा सांधा. मधल्या काळात पायावर किती भार टाकायचा ते लेखी घ्या.

हाडात अँटिबायोटिक मिसळलेले मणी भरले असतील तर कुठले, हे विचारून ठेवा. सिमेंटच्या मण्यांची माळ पुढे काढावी लागते. कॅल्शियम सल्फेटचे मणी आपोआप विरघळतात आणि त्या काळात जखमेतून काही आठवडे पांढुरकं पाणी येऊ शकतं. ते पू नसलं तरी घरी बसून ठरवू नका, दाखवाच.

९. औषधाचे आठवडे

धातू काढला तर साधारण सहा आठवडे, धातू ठेवला तर साधारण बारा. फ्रान्समधल्या २०२१ च्या अभ्यासात कृत्रिम सांध्याच्या संसर्गात सहा आठवड्यांच्या गटात अपयश जास्त आलं, बारा आठवडे सरस ठरले. ‘जखम तर बरी दिसतेय’ म्हणून पाचव्या आठवड्यात गोळ्या बंद करणाऱ्यांसाठी हे आहे.

इंजेक्शनच ताकदीचं, गोळी दुय्यम, हा समज सोडा. ब्रिटनमध्ये १,०५४ पेशंटवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाडा-सांध्याच्या संसर्गात पहिले सहा आठवडे योग्य गोळी देणं हे शिरेतल्या इंजेक्शनपेक्षा कमी पडलं नाही. अट एकच, ती गोळी कल्चरप्रमाणे निवडलेली हवी. जिथे गोळीचा पर्याय उरत नाही तिथे इंजेक्शनच लागतं. मग रोज चंदगडहून येण्यापेक्षा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात द्यायची सोय होईल का ते सर्जनकडून चिठ्ठी घेऊन विचारा.

औषधागणिक काय सांभाळायचं:

सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन. हाडाच्या पेशंटला कॅल्शियमची गोळी सुरू असतेच, आणि नेमकी तीच या औषधाला पोटात धरून ठेवते. अँटिबायोटिक आधी, कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध निदान दोन तासांनी. कॅल्शियम आधी घेतलं असेल तर सहा तास थांबा. गोळी दुधाबरोबर, ताकाबरोबर नको. टाचेमागची शीर दुखली तर लगेच कळवा.

रिफॅम्पिसिन. स्टॅफ जंतूच्या थरात शिरणारं हे औषध. एकटं कधीच घ्यायचं नाही. जंतू झपाट्यानं सरावतो, म्हणून जोडीला दुसरं औषध हवंच. जखम वाहत असताना सुरू करत नाहीत. उपाशीपोटी घ्यायचं. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी केशरी होतं, ते रक्त नव्हे. मेडिकलवाला विचारेल ‘टीबी आहे का?’, कारण टीबीतही हेच वापरतात. चिठ्ठी दाखवा आणि शेजाऱ्यांच्या कुजबुजीकडे लक्ष देऊ नका. साखरेच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम ते कमी करतं. चौथ्या पायरीतली यादी इथे कामाला येते. डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर.

लिनेझोलिड. एमआरएसएवर चांगलं. दोन आठवड्यांनंतर प्लेटलेट आणि रक्तपेशी घसरू शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्ततपासणी. चार आठवड्यांच्या पुढे गेलं तर पायांना मुंग्या, नजर धूसर होणं यावर लक्ष. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधीच सांगा.

व्हॅन्कोमायसिन. शिरेतून, एक ग्रॅमला निदान तासभर. सलाईन जोरात सोडलं की मान-चेहरा लाल होतो, खाज सुटते. तेव्हा आधी वेग कमी करतात. क्रिएटिनिन दर आठवड्याला, आणि वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनानं अजिबात नकोत, मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो.

पावसाळ्यात गोळ्यांचा पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता, आतल्या रस्त्यांचं तर विचारू नका. संसर्गावर ज्यांची औषधं सुरू आहेत त्यांनी जुलै लागायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

१०. साखर, मिश्री आणि ताट

साखरेसाठी एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) बघा. आठच्या वर असेल तर जखम भरणं आणि जंतूशी लढणं दोन्ही मंदावतं. पू असताना साखर एरवीच्या गोळ्यांना दाद देत नाही, काही आठवडे इन्शुलिन लागतं. ‘एकदा सुरू केलं की सुटत नाही’ या भीतीपोटी नाकारू नका. संसर्ग गेल्यावर अनेकांचं सुटतं.

डॉक्टर विचारतात, ‘विडी-सिगारेट?’ बाई म्हणते, नाही. आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. मिश्री, तपकीर, मळलेली तंबाखू, गुटखा, सगळ्यांत निकोटिन आहे. ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं, हाड जुळणं लांबतं. नवं ऑपरेशन ठरलं असेल तर निदान चार आठवडे आधी बंद. न विचारता सांगा.

आता पथ्य. भात, वांगं, अंडं, डाळ खाल्ल्यानं पू होतो, ही समजूत घरोघर आहे आणि तिच्यामुळे पेशंट चहा-बिस्किटावर राहतो. पू जंतूमुळे होतो. जखम भरायला प्रथिनं लागतात: वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९०. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. पांढऱ्या रश्श्याच्या वाटीवर समाधान मानू नका, त्यातली प्रथिनं फोडीत असतात, फोडी खा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरला विचारा.

पुन्हा ऑपरेशन असेल तर आदल्या रात्री घरी वस्तऱ्यानं पायाचे केस काढू नका. बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू धरतात. काढायचे असतील तर दवाखान्यात क्लिपरनं काढतील.

११. पैशाची बाजू, दाखल होण्याआधी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि सर्जनची चिठ्ठी घेऊन भरती होण्याआधी तिथे जा. जखम धुणं, इम्प्लांट काढणं, रिंग लावणं ही कामं योजनेत वेगवेगळी मोजली जातात. सर्जननं ठरवलेलं नेमकं काम कुठल्या पॅकेजमध्ये बसतं आणि मंजुरी आली का, हे तारखेसह लिहून घ्या. रोख भरून नंतर योजनेत बसवायला जाऊ नका, तिथे माणसं अडकतात.

भाऊसिंगजी रोडवरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्यानं हाडांचा विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग एकाच संस्थेचे आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर केसपेपर काढा. खासगीत जायचं असेल तर आधी एवढंच विचारा: पाच नमुने घेणार का, आणि कल्चर चौदा दिवस ठेवणारी लॅब कुठली?

१२. औषध संपल्यावर

औषध बंद झाल्यावरचे पहिले तीन महिने सगळ्यात सावध राहायचे. संसर्ग उलटायचा असेल तर बऱ्याचदा याच काळात उलटतो. सीआरपी औषध संपताना एकदा, मग डॉक्टर सांगतील त्या अंतरानं. वही बंद करू नका; आठवड्यातून एक ओळ पुरे. वर्षभर कोरडी जखम, खाली आलेला सीआरपी, एक्स-रेवर जुळलेलं हाड, हे तिन्ही जमलं तर बरं झालं असं म्हणायला हरकत नाही.

कृत्रिम सांधा ज्यांच्यात आहे त्यांना वर्षांनंतरही धोका उरतो, कारण शरीरात दुसरीकडे झालेला संसर्ग रक्तातून सांध्यावर जाऊन बसू शकतो. पायाच्या भेगा, कुरूप, नखाजवळचा पू, लघवीची जळजळ, किडलेली दाढ यांवर वेळेत इलाज करा. उसात, चिखलात अनवाणी उतरू नका. आणि चांगला चालणारा सांधा एका रात्रीत गरम होऊन सुजला, तर घरात सापडलेली जुनी अँटिबायोटिकची स्ट्रिप उघडायची नाही; कागदांची पिशवी घ्यायची आणि त्याच दिवशी निघायचं.